गुण्या, मुसल्लस आणि त्रिकोण

पत्र्याची कंपासपेटी उघडली म्हणजे बीड जिल्ह्यांतील शाळकरी मुलासमोर मोठी चमत्कारिक मंडळी जमते. कंपास इंग्रजीच्या घरचा. कर्कटक संस्कृताचा, कर्कट म्हणजे खेकडा, आणि पाय फांकून उभें राहण्याच्या रीतीवरून तें नांव पडलें असावें. गुण्या फारसींतून आला, आणि फारसीनें तो ग्रीकांच्या 'गोनिया'वरून घेतला, असें भाषापंडित मानतात. मौज अशी कीं, 'कोन' हा आपला शब्दही त्याच ग्रीक शब्दाचा वंशज असावा, असें पुष्कळांचें मत आहे. म्हणजे गवंड्याच्या हातांतला गुण्या आणि मास्तरांच्या तोंडचा कोन हीं भावंडेंच ठरतात.

शाळेंत भूमितीचा प्रवेश व्याख्यांनीं होतो. ही युक्लिडाची रीत. आपल्याकडील जुनी रीत निराळी होती. वर्तुळ फिरवून काढावें, सपाटी पाण्यानें पाहावी, उभी रेषा ओळंब्यानें साधावी, असें आर्यभटानें 499 च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे. आधीं साधन, मग आकृति. बीड शहरांत तळ्याच्या मध्यभागीं उभें असलेलें कंकालेश्वराचें देऊळ पाहिलें म्हणजे तें बांधणाऱ्या पाथरवटांच्या हातीं हीं साधनें किती पक्कीं बसलीं होतीं तें कळतें. गुण्या जवळ नसला तरी गवंडी दोरीवर तीन, चार व पांच अशीं मापें घेऊन त्रिकोण ताणतो आणि काटकोन मिळवितो.

हाच त्रिकोण भास्कराचार्यांनीं 1150 च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'मध्यें भुज, कोटि आणि कर्ण शिकवितांना घेतला आहे. आचार्य आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगतात. तें बीडच, असा एक पक्ष आहे. दुसरे विजापूर किंवा चाळीसगांवजवळचें पाटण पुढें करितात. पाटणच्या बाजूस तेथील 1207 च्या सुमाराचा शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ स्थापिला, असें तो सांगतो. बीडचा पक्ष मुख्यतः नांवाच्या साम्यावर उभा आहे. तेवढ्यावर आचार्यांना गांवकरी करून घेणें धाडसाचें होईल. पण आचार्यांची हातोटी शिकण्यास गांवाची अट नाहीं. बत्तीस हातांचा वेळू वाऱ्यानें मोडला आणि शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. मुलानें वेळू पाहिलेला असतो, वाराही पाहिलेला असतो. शब्दही तसेच ओळखीचे: ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, चाप म्हणजे धनुष्य, शर म्हणजे बाण.

जिल्हा निजामाच्या राज्यांत असतां, म्हणजे सप्टेंबर 1948 पर्यंत, माध्यमिक शिक्षणाचें मुख्य माध्यम उर्दू होतें. त्रिकोण मुसल्लस झाला, कोन जाविया, वर्तुळ दायरा, बिंदु नुक्ता. हे शब्द कांहीं हिणकस नव्हते. युक्लिड अरबींत जपला गेला होता, आणि अठराव्या शतकांत जगन्नाथ सम्राटानें सवाई जयसिंगासाठीं त्याचें संस्कृत 'रेखागणित' केलें तेंही अरबीवरूनच. हैदराबादेस 1917 मध्यें भाषांतराचें खातें निघालें, 1918 मध्यें उस्मानिया विद्यापीठ. देशी भाषेंतून उच्च शास्त्रें शिकविण्याचा तो खरोखर मोठा प्रयोग होता. परंतु ज्याच्या घरीं मराठी त्या मुलाला दोनदां अडखळावें लागे, आधीं शब्दाशीं आणि मग आकृतीशीं. 'त्रिकोण' म्हणतांच तीन कोन दिसतात. 'मुसल्लस' या शब्दांतही अरबी 'तीन' दडलेला आहे, पण तो त्या मुलाला ऐकूं येत नसे. शब्द पाठ होई, आकृति परकी राही. मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, योगेश्वरी विद्यालयासारख्या खाजगी शाळांचें मोल येथें कळतें. स्वामी रामानंद तीर्थ पुढें हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. त्यापूर्वीं ते याच शाळेंत मुख्याध्यापक होते.

जिल्हा 1956 मध्यें मुंबई राज्यांत आणि 1960 मध्यें महाराष्ट्रांत आला, आणि मराठी पुस्तकांतून त्रिकोण, काटकोन, त्रिज्या हे शब्द रुळले. गवंड्याचा गुण्या या सर्व उलथापालथींत गुण्याच राहिला. उर्दू शाळांतून मुसल्लस व जाविया आजही शिकविले जातात, आणि तेथील मुलांच्या घरचीच ती भाषा असल्यामुळें त्यांचें त्यावांचून अडत नाहीं.