रात्रशाळेचे मास्तर

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. चरित्रांतून या रात्रशाळेचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दिवसभर राबून आलेल्या त्या प्रौढांना शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी शिक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले होते. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मिस मिचेल यांच्या हाताखाली त्या शिकल्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या प्रौढवर्गाला प्रशिक्षित शिक्षिका मिळाली होती. पुढे सव्वाशे वर्षांत कोट्यवधी प्रौढांना साक्षर करण्याच्या योजना आल्या, पण ही गोष्ट दुर्मीळ होत गेली.

ऑक्टोबर १८८२मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. ते प्राथमिक शाळांच्या शिक्षकांविषयी बोलत होते, पण त्यातले तीन मुद्दे प्रौढांच्या शिक्षकालाही तंतोतंत लागू पडतात. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शक्यतो शेतकरी वर्गातला, गरज पडली तर नांगराचा रुमणा धरायला न लाजणारा असावा. आणि त्याचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा. हा बारा रुपयांचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

विसाव्या शतकात या तिन्ही मुद्द्यांना बगल देणारी एक घोषणा जगभर गाजली: प्रत्येकाने एकाला शिकवावे. तिचा प्रसार फ्रँक लॉबाक या अमेरिकन मिशनऱ्याने केला. तो फिलिपिन्समधल्या लानाओ भागात मारानाओ लोकांत काम करीत होता. जागतिक मंदीत मिशनचा पैसा आटला, पगारी शिक्षक ठेवणे अशक्य झाले, तेव्हा शिकलेल्यानेच पुढच्याला शिकवायचे अशी तोड निघाली. आज ही घोषणा आपण तत्त्वज्ञान म्हणून उच्चारतो. तिचा जन्म रिकाम्या तिजोरीतून झाला आहे. लॉबाकवर मात्र अन्याय नको. शिकणाऱ्याच्या समोर न बसता शेजारी बसा, त्याला उत्तर येणार नाही असा प्रश्न विचारू नका, रागावू नका, अशा बारीकसारीक सूचना तो शिक्षकांना देत असे. १९३५पासून तो भारतात येत राहिला. घोषणा इथे रुजली. सूचना फारशा कोणी उचलल्या नाहीत.

खरे तर सगळी विद्या त्या सूचनांतच आहे. मूल भाषा आणि अक्षर जवळजवळ एकदमच शिकत असते. प्रौढ माणूस भाषा पुरती कमावून आलेला असतो; हिशेब, पीकपाणी, नातीगोती त्याला मास्तरापेक्षा जास्त कळतात. त्याला ‘अ अननसाचा’ म्हणायला लावले की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. खुरपे धरायची सवय झालेला हात पेन्सिलही तशीच आवळून धरतो आणि टोक मोडते. चाळिशी लागलेल्या बाईला कंदिलाच्या उजेडात अक्षर दिसतच नसते, पण तसे सांगायची तिला लाज वाटते आणि तिची नोंद ‘गती मंद’ अशी होते. शिकवणारी गावातलीच अठरा वर्षांची मुलगी असेल, तर ‘काकू, हे चुकलं’ हे कसे म्हणायचे, हादेखील प्रशिक्षणाचाच विषय आहे. वर्ग कोणाच्या ओसरीवर भरतो, यावर त्याला कोणत्या आळीतले लोक येणार हे ठरते, हेही कोणीतरी तिला आधी सांगायला हवे.

हे सारे शिकवण्याची संस्था असू शकते, हे वेल्दी फिशर या बाईंनी दाखवून दिले. गांधीजींनी हत्येच्या काही आठवडे आधी आपल्याला खेड्यांत जाऊन काम करायला सांगितले, असे त्या म्हणत. १९५३ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी अलाहाबादला ‘लिटरसी हाउस’ सुरू केले. १९५६मध्ये ते लखनौला गेले. तिथल्या विटांच्या साध्या, देखण्या इमारती लॉरी बेकर यांच्या. प्रौढांना शिकवणाऱ्यांना तिथे तयार केले जाई. शिकवण्यासाठी कठपुतळ्यांचा वापर होई. नवसाक्षरांसाठी सोपी पुस्तके निघत आणि ती पत्र्याच्या पेटीतून गावोगाव फिरत. वाचायला शिकलेल्या माणसाला वाचायला काही लागते, एवढी साधी गोष्ट या पेटीमागे होती.

महाराष्ट्रात १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिचे तेज वेगळे होते. प्राथमिक शिक्षकांनी रात्री वर्ग घ्यायचे, सुमारे चार महिन्यांत गाव साक्षर करायचे आणि मग गुलाल-ताशांसह ग्रामगौरव समारंभ. गावाने गावासाठी केलेले हे काम होते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण शिकवणाऱ्याचे शिक्षण झाले होते ते मुलांना शिकवण्याचे, आणि समारंभानंतरच्या पाचव्या महिन्यासाठी पुरेशी तयारी नव्हती. मोहिमेतले कितीतरी साक्षर पुन्हा अंगठ्यावर आले.

मग २ ऑक्टोबर १९७८ रोजी जनता सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १५ ते ३५ वयाचे दहा कोटी लोक पाच वर्षांत साक्षर करायचे होते. केंद्रात तीस जण, दहा महिन्यांचा अभ्यासक्रम. साक्षरता, कार्यात्मकता आणि जाणीवजागृती ही त्रिसूत्री. ब्राझीलमधल्या पाउलो फ्रेअरी यांच्या विचारांची छाया त्यावर स्पष्ट दिसते. फ्रेअरी यांनीच लिहून ठेवले आहे, की वर्ग चालवणाऱ्यांना तंत्र शिकवणे सोपे. ज्यांच्याशी संवाद कधी केला गेला नाही त्यांच्यात संवादाची वृत्ती निर्माण करणे अवघड. आपल्या कार्यक्रमात या अवघड कामासाठी असलेल्या माणसाला मानधन होते महिना पन्नास रुपये. जोतीरावांचे बारा रुपये आणि हे पन्नास यांच्यामध्ये शहाण्णव वर्षे आहेत. भावांची तुलना वाचकांनी स्वतःच करावी.

प्रशिक्षणासाठी राज्य साधन केंद्रे होती, आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत चित्रा नाईक यांच्यासारखी या विषयात मुरलेली माणसे होती. ज्ञानाची टंचाई नव्हती. अडचण वाटपाची होती. १९८८च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर संपूर्ण साक्षरता अभियाने आली, तेव्हा हे वाटप तीन पायऱ्यांचे झाले: वरचे साधनव्यक्ती मुख्य प्रशिक्षकांना शिकवणार, ते स्वयंसेवकांना. पाटाच्या पाण्यासारखेच हे. मुखाजवळचे शेत भिजते, टोकाच्या शेताला ओल मिळाली तर मिळाली. एर्नाकुलमला केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते पाटावर उभे होते, म्हणून ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर होऊ शकला. आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि वर्ध्यानेही नाव काढले. अनेक जिल्ह्यांत मात्र पाट कोरडा राहिला. स्वयंसेवकाला मानधन आता शून्य होते. पन्नास रुपये अपमानास्पद होते हे मान्य. पण ते काढून घेतल्याने मान वाढला, असे कोणी म्हणू नये.

२००९च्या साक्षर भारतमध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन प्रेरक मिळाले, दोन हजार रुपये महिना. प्रत्यक्ष शिकवणारे स्वयंसेवक विनामोबदलाच राहिले. ती योजना २०१८मध्ये संपली आणि प्रेरकही घरी गेले. आता ‘उल्लास’ आहे, २०२२ ते २०२७, पाच कोटींचे लक्ष्य. शिकणाऱ्याची दीडशे गुणांची चाचणी होते: वाचन, लेखन आणि अंकज्ञान, प्रत्येकी पन्नास. शिकवणारा पुन्हा स्वयंसेवक, बऱ्याचदा शाळा-कॉलेजातला विद्यार्थी. त्याच्यासाठीचे प्रशिक्षण ‘दीक्षा’वर आहे, ते त्याने सवडीने मोबाइलवर पाहायचे आहे.