एका सुईपासून सुट्या भागांच्या हत्यारापर्यंत : मोतीबिंदूच्या अवजारांचा इतिहास

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की नातेवाईकांचे प्रश्न ठरलेले असतात. बिनटाक्याचे होईल का? मशीनने करणार की हाताने? लेन्स कोणती बसवणार? एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. डॉक्टरांच्या हातात जे अवजार असते ते कसले असते, आणि त्याचा कोणता भाग माझ्यासाठी नवीन असतो? या प्रश्नाचे उत्तर बरेच जुने आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या सांगली-सातारा भागाने पाहिलेला आहे.

एक सुई, एक हात

सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवर शलाकेने करायचा उपचार सांगितला आहे. या शलाकेचे टोक जवाच्या दाण्याच्या आकाराचे असे. ती डोळ्यात घालून गढूळ झालेले भिंग वाटेतून बाजूला ढकलायचे, एवढेच तिचे काम. भिंग डोळ्यातच राहायचे. रुग्णाला लगेच उजेड दिसायचा, पण पुढे सूज, डोळ्यातला दाब किंवा जंतुसंसर्ग यांमुळे अनेकांची ती नजरही जायची. त्याच संहितेत शंभराहून अधिक यंत्रांची गणना आहे आणि सर्वांत प्रमुख यंत्र म्हणून हाताचा मान राखला आहे.

साताऱ्याच्या छत्रपतींचे भाऊबंद असलेल्या तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांना नेत्रचिकित्सेत खास रस होता. त्यांच्या काळातील डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवल्या आहेत. रुग्णाचा केसपेपर लिहून ठेवण्याची ही शिस्त दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

दरम्यान फ्रान्समध्ये जॅक दाव्हिएल या शल्यविशारदाने भिंग नुसते ढकलण्याऐवजी डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत आणली. १७५३ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. आता सुईबरोबर सुरी, कात्री, चमचा अशी वेगवेगळी अवजारे लागू लागली. जखमही अर्थातच मोठी झाली.

मिरज आणि उकळते पाणी

१८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८९ मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर सांगलीत आले. पुढे ते मिरजेला गेले. तिथे १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. शस्त्रक्रियांसाठी मिरजेचे नाव दूरवर पोहोचले आणि रेल्वेचे जंक्शन असल्याने लांबलांबचे रुग्ण तिथे येऊ लागले. मिरज आजही दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याची सुरुवात ही.

हाच काळ शस्त्रक्रियेतल्या मोठ्या बदलाचा होता. तोपर्यंत डोळ्याच्या सुऱ्यांना हस्तिदंताच्या किंवा लाकडाच्या देखण्या मुठी असत. जंतूंमुळे जखम चिघळते हे कळल्यावर अवजारे उकळणे, वाफेने निर्जंतुक करणे आले. उकळल्यावर हस्तिदंत तडकते, लाकूड फुगते आणि त्यांच्या फटीत घाण राहते. म्हणून मुठी धातूच्या झाल्या. अवजार हाताला कसे बसते याइतकेच ते स्वच्छ कसे होते यालाही महत्त्व आले.

मूठ कायमची, पाते बदलायचे

पुढची अडचण धारेची होती. पुन्हा पुन्हा उकळून आणि वापरून धार बोथट होते, आणि बोथट पाते डोळा कापत नाही, फाडते. १९१५ मध्ये अमेरिकेत मॉर्गन पार्कर यांनी बदलत्या पात्याच्या सुरीचे पेटंट घेतले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर आणखी सोपी युक्ती वापरली. दाढीच्या ब्लेडचा एक तुकडा मोडून तो चिमट्यासारख्या मुठीत पकडायचा, छेद घ्यायचा आणि फेकून द्यायचा. आपल्याकडे टाक्यांच्या ऑपरेशनच्या काळात कितीतरी डोळे या तुकड्यानेच उघडले गेले. दरवेळी नवी धार आणि खर्च अगदी किरकोळ!

सुट्या भागांच्या अवजाराचे सारे तत्त्व या ब्लेडच्या तुकड्यात आहे. जे महाग आणि टिकाऊ, ते जपून पुन्हा वापरायचे. जे झिजते किंवा नीट धुता येत नाही, ते बदलायचे.

सगळे एकात, की वेगवेगळे?

१९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी फेको पद्धत सुरू केली. दंतवैद्याकडे दात साफ करणारे कंपनयंत्र पाहून त्यांना ती सुचली होती. फेकोच्या हँडपीसचे भाग पाहा. मुठीत कंपने निर्माण करणारे स्फटिक असतात. पुढे पोकळ सुई असते, ती सेकंदाला हजारो वेळा थरथरून भिंग फोडते आणि ओढून घेते. सुईवर मऊ आवरण असते, त्यातून पाणी डोळ्यात जाते आणि सुई गरम होत नाही. मागे नळ्या असतात. मूठ वाफेत निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते. सुई, आवरण आणि नळ्या बदलता येतात. पूर्वी १० ते १२ मिलिमीटरची असणारी जखम आता २ ते ३ मिलिमीटरवर आली.

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेने वेगळाच धडा दिला. १९७० च्या सुमारास डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातली जेली कापणारे, ओढणारे आणि पाणी सोडणारे असे एकच अवजार बनवले. सगळी कामे एकात आली, पण अवजार जाड झाले. काही वर्षांतच डॉ. कॉनर ओमॅली आणि राल्फ हाइंट्झ यांनी ती कामे वेगळी केली. एका छिद्रातून पाणी, दुसऱ्यातून प्रकाश, तिसऱ्यातून कापणारे टोक. छिद्रे तीन झाली, पण प्रत्येक अगदी बारीक, सुमारे ०.९ मिलिमीटरचे. २००० नंतर ती अर्ध्या मिलिमीटरवर आली आणि बहुतेक वेळा टाक्यांची गरज उरली नाही.

जोड आला की जबाबदारी आली

सुट्या भागांचे तोटेही आहेत. प्रत्येक जोड ही गळण्याची, सैल होण्याची आणि घाण अडकण्याची जागा असते. पोकळ नळीत औषधाचा, साबणाचा किंवा जुन्या ऊतीचा अंश राहिला, तर तो निर्जंतुक असूनही डोळ्याला भाजल्यासारखी सूज आणू शकतो. जंतू राहिले तर नजरच जाऊ शकते. म्हणून चांगल्या ऑपरेशन थिएटरमध्ये अवजार वापरल्यावर लगेच सुटे करून आतून धुतात. न धुतलेले अवजार नुसते वाफेत घालून भागत नाही.

दुसरी गोष्ट किमतीची. हाताने, लहान छेदातून केले जाणारे बिनटाक्याचे ऑपरेशन साध्या अवजारांवर चालते. साधारण ६ मिलिमीटरचा छेद असा तिरका घेतात की तो आपोआप मिटतो. पिकलेल्या, कडक मोतीबिंदूसाठी ते उत्तम आहे. पाटण किंवा जतच्या एखाद्या आजींना ते सुचवले, तर त्यात कमीपणा काही नाही.

तेव्हा ऑपरेशनआधी मोकळेपणाने विचारा : माझ्या डोळ्यात जाणारी सुई, पाते आणि नळ्या नव्या आहेत का? पुन्हा वापरायचे भाग कसे धुतात आणि निर्जंतुक करतात? हे प्रश्न डॉक्टरांवरचा अविश्वास नाहीत. आणि ऑपरेशननंतर दुखणे वाढले, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळा दाखवा.