कल्याणच्या छावणीतील घड्याळ

ब्रिटिश फौजेचे खिशात ठेवायचे जुने घड्याळ हाती आले, तर ते आधी पालथे करून पाहावे. नवखा संग्राहक तबकडीवर भाळतो. इतिहास मात्र पाठीवर कोरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातील अनेक घड्याळांवर तीन रेघांचा बाण, जी. एस. टी. पी. ही अक्षरे आणि एक क्रमांक आढळतो. बाण ही सरकारी मालमत्तेची खूण. अक्षरांच्या अर्थाबद्दल संग्राहकांत अजून एकमत नाही. दोन बाण टोकाला टोक भिडवून कोरलेले असतील, तर घड्याळ सेवेतून काढून विकले असे समजावे. हौशी लोक झाकण घासून चकचकीत करतात तेव्हा नेमक्या याच खुणा पुसट होतात. ही हौस घड्याळाला गंजापेक्षाही महाग पडते.

आता असे घड्याळ १९४३ साली कल्याणच्या लष्करी छावणीत एखाद्या सैनिकाच्या खिशात होते असे समजू. ते कोणती वेळ दाखवीत असेल?

युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि कल्याण सुमारे ७३.१ अंशांवर. फरक ९.४ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य सुमारे ३७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा आज सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटे झालेली असतात. त्या सैनिकाच्या घड्याळात १ वाजून ३७ मिनिटे झाली असतील. वर्गाबाहेर काठी रोवून हे सहज पडताळता येईल. तारखेप्रमाणे पाव तासाच्या आसपास फरक पडेल, त्याने गोंधळून जाऊ नये. मुंबईकरांना असा घोळ नवा नव्हता. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहराने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही.

युद्ध संपले, काटे तासभर मागे आले. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित राहू लागले, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

अंधारात वेळ दिसावी म्हणून यांतील कित्येक घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा लेप असे. आज तो चमकत नाही, म्हणून तो निकामी झाला असे समजू नये. निकामी झाले आहे ते चमकणारे झिंक सल्फाइड. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे, म्हणजे ऐंशी वर्षांत ते जेमतेम तीन-चार टक्के घटते. त्याचे अल्फा किरण काचेत अडतात. पण काच काढली आणि लेपाची भुकटी श्वासात गेली, तर धोका खरा आहे. विद्यार्थ्यांना घड्याळ दाखवायचे तर बंदच दाखवावे.