लाकडी सामानाची जुनी निगा

कर्जत-खालापुराकडील जुन्या घरांत लाकडी सामान तें किती असावयाचें? पाट, देव्हारा, फडताळ आणि ओटीवरचा सागवानी झोपाळा. त्यांवर रोगण क्वचितच. रिठ्याच्या कोमट पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावें, सावलींत वाळूं द्यावें आणि वरून जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवावा, एवढीच निगा. रिठ्याचा फेस मळ सोडवितो, परंतु सोड्यासारखा लाकडास खात नाहीं. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन सुकतें. खोबरेल सुकत नाहीं, म्हणून त्यावर धूळ चिकटते.

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरान चढले; १८५६ मध्यें आगगाडी खोपोलीस पोंचली. पुढें माथेरानीं बंगले उठले आणि फ्रेंच पॉलिशच्या खुर्च्या-मेजांचा रिवाज या बाजूस आला. हें पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली लाख. नांव फ्रेंच, लाख मात्र आपल्याच रानांतली! तिला क्षार सोसत नाहीं. मीं लहानपणीं मोठ्या हौसेनें वडिलांची खुर्ची धुण्याच्या सोड्यानें घांसली. चकाकी गेली, पांढुरके डाग राहिले. वडील कांहीं बोलले नाहींत. खुर्ची मात्र ओटीवरून माजघरांत गेली.

अशा सामानास जवळजवळ कोरडें फडकेंच पुरे. आणखी एक सांगावयाचें, जवसाच्या तेलाचें फडकें चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नये. तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें. अंगणांत पसरून वाळवावें.