टिळक दांपत्याचे ख्रिस्ती जीवन
कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि चित्पावन घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) काही वर्षे मुलासह वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे लगेच सुटले नाही. पाण्याचा हंडासुद्धा निराळा. जातिभेद माणसांनीच निर्माण केला, हे उमगल्यावरच तो हंडा गेला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराची इतकी घरगुती, इतकी खरी हकिकत मराठीत विरळाच. पुढे अनाथ मुले लक्ष्मीबाईंच्याच पंक्तीला जेवली. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-कीर्तनांतून मांडली. १९१७ मध्ये ख्रिस्ती मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह सुरू केला. त्यांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.