गाठींची दोरी

वाळवंटी डोंगरांतून लांब पल्ल्याचं धावणं म्हटलं की हल्ली शर्यतीच आठवतात. बूट, घड्याळं, पदकं... पण १६८० साली न्यू मेक्सिकोत काही तरुण धावले ते वेगळ्याच कामासाठी.

तिथल्या प्वेब्लो लोकांवर स्पॅनिश राज्य होतं. वेठबिगार होती, पूजाअर्चेवर बंदी होती. पोपे नावाच्या त्यांच्या धर्मगुरूने उठाव ठरवला. पण गावं दूरदूर, भाषाही निरनिराळ्या! मग धावणाऱ्यांच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या दिल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं.

९ ऑगस्टला काटुआ आणि ओम्टुआ हे दोन धावणारे पकडले गेले. बेत फुटला. तरी नवा निरोप गावोगाव पोचला आणि १० तारखेलाच उठाव झाला. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले. २१ ऑगस्टला उरलेल्यांनी सांता फे सोडलं, ते १६९२ पर्यंत परतले नाहीत.

१९८० साली प्वेब्लो धावपटू त्याच आठवणीसाठी पुन्हा धावले. २००५ पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये पोपेचा पुतळा आहे. त्याच्या हातात ती दोरी आहे. मला मात्र ती पाहिली की काटुआ आणि ओम्टुआच आठवतात. दोरी गावात पोचली नसती, तर गाठी मोजल्या कोणी असत्या?