आठ वजा सहा: ग्राफच्या ऊर्जेची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. मध्ये थोडी बेरीज-वजाबाकी आहे, तेव्हा जमलं तर कागद-पेन घेऊन बसा.

आजचा विषय आहे ग्राफची ऊर्जा. शाळेत चौकटीच्या कागदावर काढायचो तो ग्राफ नाही हं. इथे ग्राफ म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. बस्स, एवढंच! मग ठिपक्यांना कसली आलीये ऊर्जा? हे नाव आलं रसायनशास्त्रातून.

१९३०च्या आसपास जर्मनीत एरिक ह्युकेल हे शास्त्रज्ञ बेन्झीनचा विचार करत होते. बेन्झीनमध्ये कार्बनचे सहा अणू गोल कडं करून बसलेले असतात. पुस्तकात आपण त्यात एकाआड एक दुहेरी बंध काढतो. पण खरं बेन्झीन त्या चित्रापेक्षा जास्त स्थिर असतं. का? कारण प्रत्येक कार्बनचा एक इलेक्ट्रॉन एका जागी न अडकता अख्ख्या कड्यात पसरलेला असतो.

ह्युकेल यांनी हिशोब एकदम सोपा केला. कोण कुणाच्या शेजारी आहे, एवढंच त्यात जवळजवळ उरलं. आजच्या भाषेत सांगतो: सहा ओळी, सहा रकाने असा तक्ता करा. दोन अणू शेजारी असतील तर १, नसतील तर ०. अशा तक्त्यातून गणिताने काही खास संख्या निघतात, त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. बेन्झीनच्या आहेत २, १, १, −१, −१, −२. चिन्हं विसरा आणि बेरीज करा. आठ!

आता इलेक्ट्रॉन पसरलेच नाहीत असं धरा. म्हणजे तीन सुटे दुहेरी बंध. एका बंधाच्या संख्या १ आणि −१, बेरीज दोन. तिघांची सहा. आठ वजा सहा, दोन. हा जास्तीचा दोन म्हणजे बेन्झीनची स्थिरता. आता चार कार्बनचा चौकोन घ्या: २, ०, ०, −२. बेरीज चार. दोन सुट्या बंधांचीही चारच. फायदा शून्य! आणि खरोखरच हा रेणू, सायक्लोब्युटाडाइन, अतिशय अस्थिर आहे.

मला या कथेतलं सगळ्यात धाडसी वळण वाटतं ते १९७८चं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले इव्हान गुटमन रसायनशास्त्रातून आलेले, पण गणितात रमलेले. त्यांनी प्रश्न उलटा केला: ही बेरीज फक्त कार्बनच्या रेणूंचीच का करायची? कुठलेही ठिपके, कुठल्याही रेषा घ्या, तक्ता करा, चिन्हं सोडून बेरीज करा. ती त्या ग्राफची ऊर्जा. कार्बन गेला, नाव मात्र राहिलं.

आणि मग? जवळजवळ वीस वर्षं फारसं कुणी लक्षच दिलं नाही. माझा अंदाज असा, की रसायनवाल्यांना ते नुसतं गणित वाटलं आणि गणितवाल्यांना रसायन.

गुटमन यांनी एक अंदाजही मांडला होता: प्रत्येक ठिपका प्रत्येकाशी जोडला की ऊर्जा सर्वात जास्त. पटतं ना? दहा ठिपके असे जोडले तर ४५ रेषा होतात आणि ऊर्जा १८. पण हा अंदाज टिकला नाही. पाच मित्र घ्या. त्यांच्या दहा जोड्या होतात, प्रत्येक जोडी म्हणजे एक ठिपका. दोन जोड्यांत एक मित्र सारखा असेल तर रेषा काढा. रेषा फक्त ३०, आणि ऊर्जा २०! असे ग्राफ पद्धतशीर कसे मिळतात, हे १९९९मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या वालीकर, रमणे आणि हंपीहोळी यांनी दाखवलं.

त्यानंतर मात्र विषयाने वेग घेतला. २००४मध्ये रवींद्र बापट आणि सुकांत पती यांनी सिद्ध केलं, की ग्राफची ऊर्जा कधीच विषम पूर्णांक नसते. तुमचं उत्तर सात आलं, तर हिशोब पुन्हा तपासा! २०१५मध्ये अल्झायमरच्या संशोधकांनी मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांचा ग्राफ करून त्याची ऊर्जा मोजली. जोडण्या कशा विस्कटतात, हे त्यांना बघायचं होतं. बेन्झीनचा हिशोब मेंदूपर्यंत पोचला, कारण गुटमन यांनी त्यातून बेन्झीन काढून टाकलं होतं.

पण एक लक्षात ठेवा. मेंदूच्या ग्राफची ऊर्जा म्हणजे विजेच्या बिलातली ऊर्जा नाही; ती फक्त जोडणीचं एक माप आहे. आणि एका मापाने सगळं कळत नाही. पटत नसेल तर दोन सुटे त्रिकोण काढा. एका त्रिकोणाच्या संख्या २, −१, −१, म्हणजे ऊर्जा चार. दोघांची आठ. बेन्झीनच्या षटकोनाचीही आठच! एक आकृती सलग, दुसरी तुटलेली, आणि आकडा तोच. म्हणून कुणी एका आकड्यावरून तुमच्या मेंदूचं भविष्य सांगायला लागलं, तर त्याला आधी हे दोन त्रिकोण काढून दाखवा.

चला, भेटू पुढच्या भागात!